हात वर करायचे नाहीत

धुळ्याच्या दवाखान्यातून मायला घरी सोडलं, त्या दिवशी डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "तीन महिने हात वर करायचे नाहीत." एकदा मायला, एकदा नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि मग मला. मी पंधरावी झालेली, म्हणून मला जरा फोड करून. छातीचं हाड मधोमध कापून आतलं काम केलंय आणि हाड तारेनं बांधलंय. ते जुळेपर्यंत दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, बाजूला ताणायचे नाहीत, भरलेली बादली उचलायची नाही. खोकला आला, हसू आलं, रडू आलं तर ही उशी छातीशी घट्ट धरायची. तार तुटली आणि हाड सरकलं तर पुन्हा टेबलावर.

माय कॉटच्या कडेला बसून ऐकत होती. एरवी डॉक्टरांपुढे तोंड न उघडणारी माय त्या दिवशी म्हणाली, "साहेब, मी आजलोंग कोणापुढे हात वर करेल नहीत."

डॉक्टर बाहेरगावचे. ते "छान, छान" म्हणून पुढच्या कॉटकडे वळले. नर्स मात्र खुदकन हसली, कारण ती आमच्याकडची होती. मलाही हसू आलं, आणि मग एकदम ते थांबलं. मायचं सगळं कामच हात ताणण्याचं होतं.

माय मांडे करते. आम्ही पाचोऱ्याचे. आमच्या भागात लग्नात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे पुरणाचे मांडे लागतात, आणि ते घरोघरी जमत नाहीत. दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरून, कडा दाबून, तो गोळा या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. हात जितके लांब तेवढा मांडा. मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. मायचा मांडा असा पातळ व्हायचा की आतलं पुरण पलीकडून पिवळं दिसायचं. लग्नसराईत तिला पार अमळनेर, भडगावहून बोलावणी यायची. हात दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरून उभी असलेली माय, हीच माझ्या डोक्यात मायची सगळ्यात जुनी आठवण आहे.

आमच्या घराचे दोन हंगाम होते. दिवाळीपासून होळीपर्यंत नानांचं कापसाच्या जिनिंगमधलं काम, आणि होळीपासून पावसाळ्यापर्यंत मायचे मांडे. एकाचं संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं, असं पंचवीस वर्षं चाललेलं. मी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसते. माझ्या पगारात मायच्या गोळ्या जेमतेम यायच्या, तेही महिना एकतीसचा नसला तर. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, त्याचा एक पैसा लागला नाही. पण त्याआधीच्या तपासण्या, धुळ्याच्या चकरा, तिथलं तीन आठवड्यांचं खाणंपिणं यात घरात होतं नव्हतं ते गेलं. माणूस वाचला, आता जगवायचा कसा, हा प्रश्न कुठल्या योजनेत बसत नव्हता.

मामांना फोन केला तर त्यांनी त्यांच्या बोअरवेलचं दुःख सांगितलं. काकांनी मुलाच्या फीचं. मी फोन ठेवला की माय विचारायची, "काय म्हने?" मी म्हणायचे, "तब्येत विचारत होते."

"त्यासनी हात वर करात का?" माय म्हणायची आणि उशी छातीशी धरून हसायची. हसताना तिला दुखायचं. मला मात्र त्या वेळी हसू येत नसे. मला सगळ्या नातेवाइकांची नावं एका कागदावर लिहून तो चुलीत घालावासा वाटे.

पैशाला कोणी आलं नाही, पण भेटायला अख्खं गाव आलं. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर. दुपारी चारला पहिली खेप, सहाला दुसरी. प्रत्येक जण हातात बिस्किटाचे दोन पुडे आणि एखादं शहाळं घेऊन येई, मायच्या छातीवरचा टाका बघे, 'अरे देवा' म्हणे, आणि मग त्यांच्या ओळखीतल्या कोणाला बायपासनंतर काय झालं ते सविस्तर सांगे. एका बाईनं तर माणूस आठव्या दिवशी कसा गेला ते मायच्या पायाशी बसून सांगितलं. मी तिच्या चहात साखर घातली नाही.

हो, कारण चहा करावाच लागे. माय आतून हाक मारायची, "चहा ठेव वं पोरी."

"माय, दूध संपलंय."

"मंग आन. घर उनेल मानूस चहाबिगर जास का कोठे?"

एका दिवसात दीड लिटर दूध चहात जाऊ लागलं, तेव्हा मी एक उद्योग केला. भेटीला आलेले बिस्किटाचे पुडे पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे नेले आणि त्याबदल्यात दूध-साखर आणली. तो भला माणूस, पुडे मोजून घेई. आठवडाभर झकास चाललं. मग एके दिवशी शेजारच्या अक्का भेटीला आल्या, आणि त्यांनी पिशवीतून काढलेल्या पुड्याचा कोपरा फाटलेला होता. तो कोपरा मीच मायदेखत फाडला होता, आधी घरी ठेवायचा विचार करून, आणि तोच पुडा दुकानातून फिरून आमच्याकडे आला होता. मायनं तो पुडा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिनं चहाची हाक मारणं बंद केलं. मला वाटलं, त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

घरात पैसे नाहीत हे मायला कळू द्यायचं नाही, असं नानांनी आणि मी ठरवलं होतं. आम्हाला तिचा स्वभाव माहीत होता. घरात पीठ संपलं हे कळलं, तर ती तारेनं बांधलेल्या छातीनिशी खापरासमोर जाऊन उभी राहिली असती. म्हणून होळीनंतर जिनिंग बंद झालं तेव्हा नानांनी ते सांगितलंच नाही. ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. दिवसभर कुठे असायचे ते मलाही सांगत नसत. एकदा मी बँकेच्या कामाला गेले होते, तेव्हा ते स्टेशनसमोरच्या झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसलेले दिसले. मी रस्ता ओलांडला नाही. मला त्यांना मी पाहिल्याचं दिसू द्यायचं नव्हतं.

"यंदा कापूस गंज उना, भरपूर उना," ते घरी आल्यावर मायला सांगायचे. "जिनिंग आखो महिनाभर चाली."

माय 'हं' म्हणायची.

जिनिंगमधून येणारा माणूस लपत नाही. नाना हंगामात घरी यायचे ते केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर रुई घेऊन. लहानपणी मी त्यांना म्हातारे झाले म्हणून चिडवायचे. माय दारातच त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून ती रुई झटकायची आणि मगच आत येऊ द्यायची. हे त्यांचं रोजचं होतं. आता नाना रोज संध्याकाळी स्वच्छ डोक्यानं घरी येत होते, आणि हे त्यांच्या आठ-दहा दिवसांनी लक्षात आलं असावं.

त्या संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्या केसांत रुई होती, भुवयांवरही थोडी होती. मी बघतच राहिले. मला एक क्षण खरंच वाटलं की जिनिंग सुरू झालं. माय दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. तिचा हात त्यांच्या डोक्यापर्यंत जाणार नव्हता, जाऊ द्यायचाही नव्हता.

"वाका जरासा," ती म्हणाली.

नाना वाकले. तिनं हात कोपराशीच ठेवून दोन बोटांनी त्यांच्या कपाळावरची रुई उचलली. चिमटीत चोळली. उजेडाकडे धरली.

"ही जिनिंगनी नही शे," माय म्हणाली. "ही गादीमानी शे. जुनी. पिवयी पडेल."

नाना तसेच वाकून उभे राहिले. त्यांनी सरळ व्हायचं की नाही, हे त्यांना कळेना. पंचवीस वर्षं कापसात काढलेला माणूस, आणि त्यानं बायकोला फसवायला ओट्यावरची जुनी गादी उसवली होती. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं आणि दोन्ही दाबून मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथून ऐकू आलं, माय म्हणत होती, "माले बठ्ठं समजस. तुम्ही दोन्ही माले येडी समजतस का?"

दोनच दिवसांनी नानांनी सांगितलं की भडगावकडे केळी भरून पाठवणाऱ्यांकडे वाचमनचं काम मिळालंय. खुर्चीवर बसायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे. या वेळी ते खरंच संध्याकाळी थकून येत आणि हातात थोडे पैसेही असत. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असत. माय डागांकडे बघून विचारी आणि नाना सांगत, घडांना टेकून बसावं लागतं. डोक्याला ते रुमाल बांधू लागले होते. घरातही काढत नसत, जेवतानाही नाही. मी म्हटलं, "नाना, वाचमन झालात की फेटेवाले पाटील?" ते हसले. मायही उशी धरून हसली. थोडे दिवस बरे गेले.

पण नानांच्या त्या पैशात घर अर्धंच चालत होतं. आणि समोर आखाजी येत होती.

आखाजी आमची दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी आमरस आणि मांडे. जळगावात डाळ मिलवाल्यांचं एक मोठं घर आहे. माय तिथे दरवर्षी आखाजीला दोन दिवस जाते आणि त्यांच्या सगळ्या गोतावळ्याचे दीडशे मांडे करून येते. त्या दोन दिवसांवर आमचा पावसाळा निघतो. त्या घरची मोठी सून फोनवर म्हणाली, "मावशी येताहेत ना? नसतील जमत तर आत्ताच सांगा, दुसरी बाई बघायला लागेल." तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण असं घर एकदा दुसरीकडे गेलं की परत येत नाही. दुसरी बाई काही फाटके मांडे करून देणार नव्हती.

फोन स्पीकरवर होता आणि मायनं ऐकलं. मी बोलायच्या आतच ती म्हणाली, "येतस. सांगी दे."

"माय!"

"सांगी दे म्हनी ऱ्हायनू ना."

मी फोन बंद केला आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तिला म्हणाले की तुला मरायचंय का, ती म्हणाली की उपाशी राहून जगायचं का. आम्ही दोघी ओरडत होतो आणि ती मध्ये मध्ये उशी छातीशी दाबत होती. शेवटी मी हात जोडले. ती गप्प बसली. ते गप्प बसणं मला पटलं नाही.

आणि माझा संशय खरा निघाला. दुसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आले तर मागच्या दाराशी माय. परातीत कणीक भिजवलेली. गोळा तिच्या दोन्ही हातांवर होता आणि ती तो पोटाच्या उंचीवर, अगदी खाली, हळूहळू झेलत होती. कपाळावर घाम. मी किंचाळले. गोळा तिथेच पडला.

"मी हात वर कोठे करात?" ती म्हणाली, लहान पोरीसारखी. "खालेच शेतस."

मी तिचे हात धुऊन दिले. तिच्या बोटांमधली कणीक काढली. मला तिचा राग नव्हता. मला भीती वाटत होती. या बाईला मी दिवसभर कुलूप लावून ठेवू शकत नव्हते. तिला थांबवायचा एकच मार्ग होता, आणि तो मला बिलकूल आवडणारा नव्हता.

"मी करते," मी म्हणाले. "तू सांग, मी करते. पण तू परातीला हात लावलास तर मी घर सोडून जाईन."

मायनं माझ्या हातांकडे पाहिलं. हे हात आयुष्यभर कीबोर्ड आणि माउसवर. मांडे शिकायचे नाहीत हे मी सातवीत ठरवलं होतं, कारण मायच्या कोपरांवर चटक्यांचे डाग होते आणि वर्गातल्या मुली विचारायच्या. तिला ते माहीत होतं. तिनं कधी आग्रह केला नव्हता.

पंधरा दिवस होते. मी दुकानातून दोन तास लवकर सुटण्याची परवानगी मागितली, पगार कापून घ्यायच्या बोलीवर. पुरण परवडत नव्हतं म्हणून सरावाला नुसती कणीक. माय खुर्चीवर, उशी मांडीवर, आणि दोन्ही हात उशीखाली. हात उशीखाली ठेवायचे हा मी घातलेला नियम. मी कणीक आपटायचे आणि ती आवाजावरून सांगायची, "आखो मळ. कच्चा आवाज येस." मग मी गोळा हातांवर घ्यायचे. तो मनगटापर्यंत नीट यायचा आणि कोपरावर फाटायचा. रोज फाटायचा. फाटलेले मांडे आम्ही रात्री चटणीबरोबर खायचो. नाना म्हणायचे, "झकास शे." त्यांना जे समोर येईल ते झकास होतं.

कधी गोळा माझ्या हातावरून घसरायला लागला की उशी हलायची. मायचे हात खाली वळवळायचे. "हात!" मी ओरडायचे. ती हात परत आत घ्यायची. मायनं मला असं कधी घाबरून पाहिलं नव्हतं, आणि मी तिला असं कधी ओरडले नव्हते.

अकराव्या दिवशी एक मांडा फाटला नाही. मायनं तो बघितला आणि म्हणाली, "जाड शे." पण ती त्या दिवशी जेवणात एक भाकर जास्त जेवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही पॅसेंजरनं जळगावला गेलो. नानांनी खापर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मी पुन्हा पुन्हा मायचा पदर नीट करत होते, टाका दिसू नये म्हणून. त्या घरात ऑपरेशनचं माहीत होतं, पण मांडे मी करणार हे नव्हतं. हे सांगायचं धाडस मी फोनवर केलं नव्हतं. फसवणूकच होती ती. नानांची रुई आणि माझे मांडे, काही फार फरक नव्हता.

मागच्या अंगणात चूल मांडली होती. त्या घरच्या मोठ्या अक्का, ऐंशीच्या पुढच्या, खुर्ची टाकून समोर बसल्या. दर वर्षी त्या बसतात. मायनं त्यांना सांगितलं, "अक्का, पोर करी. मी सांगसू."

अक्कांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "बघू," म्हणाल्या.

पहिला मांडा फाटला. सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसरा बरा झाला. तिसरा, चौथा. माय माझ्या शेजारी स्टुलावर, उशी मांडीवर, हात उशीखाली. ती हळू आवाजात बोलत होती, फक्त मला ऐकू येईल असं. "डावा हात सैल. आते फिराव. घाई नको." पहिल्या दिवशी साठ झाले. माझी कोपरं भाजली होती, मायची होती तशीच, त्याच जागी. झोपताना मायनं त्यांना तूप लावलं. आपले हात न उचलता, माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाई होती. दुपारी पितरांना आगारी, म्हणजे विस्तवावरचा नैवेद्य, टाकून मग पंगत बसायची होती आणि लेकी-जावई आले होते. मी जोरात होते, जरा जास्तच. मायही खूश होती, तिनं उशी एका बाजूला ठेवलेली मला दिसली होती आणि मी तिला ओरडले नव्हते. ती माझी चूक. दोन्ही दिवसांचे मिळून नव्वद झाले असतील. पुढचा मांडा सुरेख पसरला, कोपरापर्यंत पातळ, पुरण पिवळं दिसायला लागलेलं, आणि मी खापराकडे वळताना तो डाव्या हातावरून घसरला.

मायचे हात वर गेले.

तिनं ठरवून केलं नाही. पंचवीस वर्षं जे हात घसरता मांडा झेलत आले, ते आपोआप उठले, दोन्ही, ताणून, थेट माझ्याकडे. तिच्या तोंडातून एक बारीक आवाज आला. मी मांडा सोडून दिला. तो चुलीच्या कडेला आदळला आणि पुरण निखाऱ्यांवर सांडून करपायला लागलं. मी मायची दोन्ही मनगटं पकडली आणि खाली दाबली, तिच्या मांडीवर, आणि तशीच धरून बसले. माझ्या हातांची कणीक तिच्या हातांना लागली होती. तिचा चेहरा पांढरा झाला होता.

"दुखस का? माय, दुखस का?" मी घरीसुद्धा कधी अहिराणी बोलत नाही. तेव्हा बोलले.

तिनं मान हलवली. नाही म्हणून.

अंगणात करपल्या गुळाचा वास पसरला होता. मोठ्या अक्का म्हणाल्या, "पोरी, मांडा गेला की गं."

"जाऊ द्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मांडे बस झाले आता. मी नाही करत."

म्हणजे हात वर मीच केले, त्या अंगणात, सगळ्यांदेखत. उरलेल्या पुरणाच्या पोळ्या सुनांनी लाटून तव्यावर भाजल्या. अक्कांनी झालेल्या मांड्यांचे पैसे मोजून दिले, त्यात कसूर केली नाही, आणि मायच्या ओटीत एक नारळ घातला. पुढच्या वर्षाचं मोठ्या सुनेनं काही काढलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. त्या घरून पुन्हा बोलावणं आलं नाही.

तीन महिने झाल्यावर आम्ही धुळ्याला दाखवायला गेलो, चाळीसगावला गाडी बदलून. आखाजीपासून मला मायच्या प्रत्येक खोकल्यात तार तुटल्याचा आवाज येत होता. उशी मी पिशवीत घेतली होती. एक्स-रे काढला. डॉक्टर तो उजेडात धरून बघत होते तेव्हा मी श्वास घेतला नव्हता.

"हाड छान जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "हात वर केले नव्हते ना?"

"मी नही करात साहेब," माय म्हणाली. "लोकेसनी करात."

मी खाली बघितलं. डॉक्टरांना या वेळीही कळलं नाही. "आता करायला हरकत नाही. करा बघू वर, दोन्ही." मायनं हात वर केले. आधी खांद्यापर्यंत, मग भीत भीत त्याच्याही वर. तिच्या बांगड्या खाली कोपरापर्यंत घसरल्या. "छान, छान," डॉक्टर म्हणाले.

नाना बाहेर बाकावर बसले होते, डोक्याला रुमाल. आम्हाला बघून ते लगबगीनं उठले. माय सरळ त्यांच्याजवळ गेली. दारात उभी राहून रोज करायची तसं तिनं हात वर नेला आणि त्यांचा रुमाल काढला, झटकायला म्हणून. नानांनी हात मध्ये घातला, पण उशीर झाला होता.

डोक्याच्या मधोमध, ओझ्याखाली चुंबळ ठेवतात तिथे, केस नव्हते. बांगडीएवढी गोल जागा, आणि तिथली कातडी टाचेसारखी जाड आणि काळी. मायची बोटं त्या जागेवर थांबली. मग दुसरा हातही वर गेला.

"हाई काय शे?" ती म्हणाली. "तुम्ही तं खुर्चीवर बसतस ना?"

अठ्ठावन्न वर्षांचे माझे वडील दोन महिने केळीचे क्रेट डोक्यावर वाहत होते. मला माहीत नव्हतं. म्हणजे चिकाचे डाग मी रोज धुवत होते, पण मी स्वतःला माहीत होऊ दिलं नव्हतं. नाना जमिनीकडे बघत राहिले. मायनं त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, दवाखान्याच्या त्या लांबलचक पडवीत. ऑपरेशनपासून ती रडली नव्हती. रडताना छाती हलते, म्हणून.

मी सवयीनं पिशवीतून उशी काढून तिच्यापुढे धरली. तिनं ती कोपरानंच बाजूला सारली. हात तिला खाली घ्यायचे नव्हते.